तिसऱ्यांच्या रेवेत लावलेलं कांदळ

हां! टाळ थांबवा. मंडळी, एकच विचारतो, खरं सांगा. दुसऱ्याच्या ताटात खड्डा खणून झाड लावलं, तर ते पुण्य की पाप? ऐका तर मग.

खाडीकाठचं एक गाव. खारं पाणी दरवर्षी बांध फोडायचं आणि भातशेतीत घुसायचं! गावाने ठरवलं — बांध राखायला खाडीत कांदळ लावायचं, खारफुटी उभी करायची. बेत सोन्यासारखा! गावाचे पुढारी भिकाजीतात्या पुढे. पाहुणे आले, शाली आल्या, फोटोवाला तर आधीच हजर! पण चिखलात उतरणार कोण? धोतर भिजेल हो! मग रेताड जागा बघून कांदळाच्या हातभर शेंगा रोवल्या — पटापट, सरळ रांगेत!

ती जागा द्वारकेची. सातबाऱ्यावर नव्हे, पोटावर! ओहोटीला ती तिथल्या तिसऱ्या काढायची — शिंपल्या हो! त्यावर तिची चूल. टोपली घेऊन आली नि बघतच राहिली.

"मेल्यांनो, ह्या काय केल्यात? माका कोणी इचारल्यान?"

तात्या गरजले, "एका टोपलीसाठी गाव बुडवू काय गो?"

बायकासुद्धा म्हणाल्या, आपमतलबी मेली! द्वारकेच्या मनात आलं — ही रेव गेली तर उद्या शिजवायचं काय? पण पायांना ती वाळू ठाऊक होती.

"तात्यानू, भरतीचा पाणी हयसर कमरेइतक्या रवता. कोंब गुदमारतलो. अवसेचा उधाण येवंदे. एक जरी उभो रवलो, तर मी रेव सोडतंय!"

काय पैज मारली बाईने! अवस आली. उधाण आलं — आणि ओसरलं. सगळं गाव काठावर. रांगा? एकही नाही! शेंगा पाण्यावर तरंगतायत!

द्वारका हसली का? छे! टोपली घेतली, शेंगा वेचल्या, थेट बांधाच्या पायथ्याशी गेली. कुरल्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं, गुडघाभर चिखल. पहिली शेंग रोवली.

"बघतास काय तात्यानू? वाका!"

आणि तात्या वाकले, मंडळी! धोतरासकट! मागोमाग अख्खं गाव!

तिसऱ्या पावसाळ्यात बांध तसाच उभा! मुळांत चिंबोऱ्या, शेतात भात — आणि रेवेत द्वारका, टोपली भरून!

हसताय? थांबा! गेल्या श्रावणात तुम्ही शाळेमागे कुंपण घालून काजू लावलात. छान केलंत! तिथे जानू झोऱ्याच्या शेळ्या चरायच्या. विचारलंत त्याला? तो बघा, शेवटच्या खांबाला टेकून बसलाय. खाली काय बघताय? मान वळवा!

सरपंच, उठा. जा त्याच्याजवळ, विचारा. गजर होईल मग. तोवर मी उभा आहे इथेच.