ओडिल कुणाला भेटत नाही

—नाही, पायरीवर नका उभे राहू, आत या, पण आवाज जरा खाली ठेवा, भिंती पातळ आहेत आमच्या. पॅरिसहून आलात ते कळलं मला — फोनवर तुम्हीच होतात ना? तेव्हाच सांगितलं होतं, ओडिल कुणाला भेटत नाही. मी गोडलीव, तिची थोरली बहीण, काय असेल ते मला सांगा. नको, सांगूही नका, ठाऊक आहे — पुन्हा एक फॅशन शो, एकच, तिच्या नावाचा. लोक झालं गेलं विसरलेत म्हणता? विसरणारच. त्यांचं कुठे काय गेलं होतं?

बसा. झोपलीय ती वर. म्हणजे, झोपली असेल. आमची आई इथेच, ऑस्टेंडच्या बंदरात, दर्यावर्दी लोकांचे मेणकापडी कोट शिवायची, आणि ही मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची. पहिला शो तिने मासळीच्या लिलावघरात केला — खुर्च्या नाहीत, ओल्या फरशीवर सगळी बडी मंडळी नाकाला रुमाल लावून उभी, आणि समोरून पोरी आल्या फाटक्या शिडांचे झगे घालून, दोरखंडांनी आवळलेल्या. मला वाटलं आता मार खाते ही. तर नाकावरचे रुमाल खाली आले हो! एक म्हातारी बाई तर रडत होती. मग पॅरिसच्या त्या जुन्या फॅशनच्या पेढीचं बोलावणं — तुमची नव्हे, दुसरी. पहिल्याच भेटीत मालकाला म्हणाली, "तुमचे कपडे बायकांसाठी नाहीतच, सोफ्यांसाठी आहेत." मालक हसला. तिथेच चुकलं सगळं. त्याने हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं — पण नाही, ती जितकं तोंडावर बोलायची तितके ते खूश, आणि दर हंगामाला म्हणायचे, यंदा काय? गेल्या वेळेपेक्षा भारी काय? आता बंड असं फर्माईशीवर करता येतं का? येत नाही. पण ती करत राहिली. झोप गेली, जेवण गेलं, मला बोलावून घेतलं — ताई, तू नुसती बस इथे. मी बसायचे. दुसरं काय येत होतं मला?

शेवटच्या शोचं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, पण पडद्यामागून मी पाहिलंय. अॅनलोर नावाची मुलगी होती, पांढऱ्या झग्यात मधोमध उभी. ओडिल स्वतः कात्री घेऊन बाहेर गेली. झगा लोकांसमोर अंगावरच कापायचा, असं ठरलं होतं. मुलीला म्हणाली, "हलू नकोस." ती हलली नाही. पहिले दोन काप सुंदर पडले, खरंच सुंदर, आणि मग खांद्यापाशी लाल दिसायला लागलं — लोकांना वाटलं रंग आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून ही कापतच गेली, आणि ती पोर ओठ चावून उभीच, कारण तिला सांगितलं होतं ना हलू नकोस. मी धावत जाऊन हिचं मनगट धरलं तर माझ्याकडे असं बघितलं — मी कोण, हेच तिला कळेना. तरी टाळ्या चालूच. मुलगी वाचली, हात मात्र अजून वर जात नाही तिचा. आणि संध्याकाळपर्यंत पेढीने दारावरचं हिचं नाव खरवडून काढलं. मालक म्हणाला, आम्हाला कल्पनाच नव्हती. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता तो!

तेव्हापासून इथे आहे. शांत असते, कोळंबी सोलते, समुद्राकडे बघते. घरात मी सुईसुद्धा ठेवली नाही, तुटलेलं बटण शेजारीण लावून देते. बरं चाललं होतं — तुमचा फोन येईपर्यंत. फोन तिनेच उचलला होता आधी, माहीत नाही तुम्हाला? तुमचं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात दिला. पण दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीचा पडदा गायब. मासे कापायच्या सुरीने फाडून कोट केलाय त्याचा, धागा जाळ्याचा, सुई माशाच्या काट्याची. आणि काय कोट आहे! मला घालायला लावला, सुरी हातात घेऊन माझ्याभोवती फिरत होती, गळ्यापाशी कापड बेतत — आणि मला म्हणाली, "ताई, हलू नकोस." मी हलले नाही. भीतीने? भीतीनेच. पण आरशात बघितलं ना, तर — छे, कशाला सांगतेय मी तुम्हाला हे! त्या आरशात मी आयुष्यात पहिल्यांदा देखणी दिसत होते. सुरी गळ्याशी, आणि मनात येत होतं, करू दे हिला. म्हणजे मीही त्या पहिल्या रांगेतलीच निघाले की नाही? म्हणून म्हणते, जा तुम्ही. तिची भीती आहेच, पण माझा भरवसाही आता मला नाही.

थांबा. जिना वाजला.

ओडिल, अगं कुणी नाही, गॅसवाले आलेत — हो, निघालेच ते. खाली कशाला आलीस अनवाणी? अगं, त्यांना हात कशाला लावतेस... काय? खांदा चुकलाय कोटाचा? चुकू दे, त्यांचा कोट आहे. — नाही साहेब. ती काढा म्हणाली तरी काढू नका. हसू नका, साहेब, तिच्याकडे बघून असं हसू नका. बटणं लावा. दार उघडंच आहे.