सरपणाची मांडणी

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. भाऊ नुकताच बसमधून उतरलेला, बॅग खांद्यालाच.

"ताई, ‘असशील तसा निघून ये’ म्हणालीस आणि घरी न्यायचं सोडून इथे आणलंस?"

"स्क्रू संपले रे! परसात सरपणाची मांडणी करतोय आम्ही!"

"मांडणी गेली खड्ड्यात. बाबा कसे आहेत?"

"तेच सांगतेय! काल मी लाकडं कापून जमिनीवरच रचत होते. तर खिडकीतून ओरडले, ‘अगं, ओल धरेल! खाली विटा घाल!’"

"बाबा ओरडले? आई गेल्यापासून माझ्याशी फोनवर धड एक शब्द बोलले नाहीत."

"ऐक तर! मी मुद्दाम म्हटलं, मला नाही बाई जमत. तसे अनवाणीच बाहेर आले आणि माझ्या हातातली करवत हिसकावून घेतली!"

"खोलीबाहेर आले? आपणहून?"

"अरे, मांडणीचे दोन्ही बाजूंचे खांब त्यांनीच उभे केले. मी मागे फळ्या ठोकायला गेले तर म्हणे, ‘अक्कल आहे का? वारा खेळायला नको?’"

"अक्कल काढली तुझी?"

"काढली ना! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"मग चल ना लवकर. घरी एकटेच असतील."

"घरी कोण बसतंय? मागे बघ, छपराचा पत्रा निवडतायत."

भाऊ गर्रकन वळला.

"आलास का? बघत काय उभा राहिलास, बॅग ठेव आणि हे टोक धर!"