हातानं लावलेले बोल्ट

“हॅलो? हॅलो… शिवशंकरभाऊ? …कोण, नागाबाई माय का? माय, मी लखन बोलून राहिलो. अहमदपूरहून. लखन मिस्त्री…”

“हाव, हाव, तोच. अर्ध्या तासाखाली तुमची गाडी करून दिली तो.”

लखनच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात पिवळ्या रंगाची बोटाएवढी बाटली. बोल्ट पक्का आवळला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा, ही उदगीरच्या बसलिंगप्पा मिस्त्रींनी त्याला लावलेली शिस्त. जुनी बाटली काल संपली म्हणून आज सकाळी त्यानं नवी आणली होती. आता हात धुऊन फळीवर बघतो, तर बाटलीचं सील जसंच्या तसं! म्हणजे आज एकाही बोल्टवर ठिपका पडला नव्हता.

“बरी पळती ना गाडी? …हाव. …गेर बदलताना झटका न्हाई ना आता? …गेरबॉक्सचं तेल बदललं, इंजिनचे प्लग नवे घातले, म्हणून… माय, ऐका ना. जरा भाऊला फोन द्या.”

“न्हाई द्यायचा? …बरोबर हाय, चालवताना नकोच. मंग तुमीच सांगा त्यांना. गाडी जरा कडंला घ्या म्हणावं… काय न्हाई हो, सहजच. च्या घ्या म्हणावं कुठंतरी.”

सहजच! घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि हा गडी सहजच म्हणत होता. कारण मागं स्टुलावर रामकिशन शेठ बसले होते. पार हिमायतनगरहून आलेले. ‘ऑटोमॅटिक गेरबॉक्स उघडायचा तर अहमदपूरच्या लखननंच’ असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि हे सांगणं त्यांनी आल्याआल्या लखनला दोनदा ऐकवलं होतं. दोन्ही वेळा लखन मनातून फुलला होता. आता त्यांच्या देखत ‘माझं चुकलं’ कसं म्हणायचं?

“का बरं? कामून थांबायचं न्हाई? …लिंबू? …माय, चाकाखाली लिंबू चिरडलं म्हणून काय पोचंस्तोवर गाडी थांबवायचीच न्हाई का? …हाव, मानतो की. मी बी मानतो. पण माय…”

त्या लिंबानंच घात केला होता. पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश नवे घातले, की बोल्ट आधी नुसते हातानं लावून ठेवायचे. गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर पिळून निघतं आणि महिन्याभरात फाटतं. म्हणून गाडी खाली घ्यायची, तिचं सगळं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग खाली शिरून मोठ्या पान्यानं शेवटचं आवळायचं. लखननं गाडी खाली घेतली ती सव्वादहाला. आज शुक्रवार, साडेदहाला राहुकाळ लागणार. नागाबाई चार लिंबं आणि नारळ घेऊन तयारच होत्या. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला, लखनच्या हातात खोबरं दिलं आणि लेकाला म्हणाल्या, चल चल चल. लखन खोबरं खात, हात हलवत उभा राहिला. मोठा पाना तिथंच जमिनीवर पडून होता.

“माय, खरं सांगू का… पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय. ते लावायला तरी थांबा… काय? …गावाच्या भाईर पंपावर भरलं? …तेवढं थांबलेलं चालतं? …भाऊनं सवता बघितलं? …बरं. बरं मंग.”

झाली थाप मारून! आता दुसरी काय मारायची?

“माय, कुठवर आलात? …माळाकोळी गेली? …इस्पीड किती हाय? काटा बघा की जरा, समोर काटा असतो… भाऊला इचारा… नव्वद?”

नव्वद. आठवड्यापूर्वी हीच गाडी पन्नासला धापा टाकत होती. तीन दिवस खपून लखननंच तिला नव्वदवर आणली होती. शिवशंकरचा डावा पाय लहानपणी पोलिओनं बारीक राहिलेला. क्लच दाबता येत नाही, म्हणून त्यानं हौसेनं ही बिनक्लचची गाडी घेतलेली. आईला शेजारी बसवून बहिणीच्या वास्तुशांतीला नांदेडला निघालेला. पहिल्यांदाच कुणाच्या मोटारसायकलवर मागं न बसता, स्वतः गाडी चालवत. सकाळी तो लखनला म्हणाला होता, सिंधूच्या दारात मी स्वतः गाडी लावणार, बघ.

“हॅलो? …आवाज? कसला आवाज? …खट्ट खट्ट? …कवापासून? …माय, नीट सांगा, कुठून येतो? …तुमच्या पायाखालून?”

“तुमी म्होरंच बसलात ना? डाव्या बाजूला? …हो देवा!”

लखननं एकदा रामकिशन शेठकडं बघितलं. शेठनी पेपर खाली केला होता. बघेनात का! लखन ओरडला. असा ओरडला की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम टाकलं.

“माय, ते बोल्ट म्या आवळलेच न्हाईत! चाकाला धरून ठेवणारे बोल्ट! नुसते हातानं लावलेत. माझी चूक हाय, माय, माझी एकट्याची चूक हाय! थाप मारली मघा मी झाकणाची! चाक मोडून पडंल, गाडी थांबवा!”

“न्हाई! न्हाई! करकचून ब्रेक न्हाई मारायचा! सांगा त्यांना, ब्रेक मारू नका! …सांगितलं? …नुसता पाय उचला म्हणावं. आक्सलेटरवरून पाय काढा, बस. गाडी आपोआप मंदावंल…”

“इस्पीकर? न्हाई, न्हाई, कुठलंच बटन दाबू नका, फोन कट होईल! तुमीच सांगा. मी बोलतो तसं म्हणत ऱ्हावा. …इस्टेरिंग दोन्ही हातानं धरा. …लिव्हर हाय तिथंच ऱ्हाऊ द्या, डी वर. …किती झालं? …साठ? …गाडी डावीकडं ओढती? ओढू द्या. हळू सांभाळा, झटका देऊ नका… माय, रडू नका. तुमी रडला तर भाऊला सांगंल कोण?”

“…हॅलो? …माय? …हॅलो!”

काहीच ऐकू येईना. लखननं फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. त्याला नांदेडच्या वाटेवरची ती घाटी दिसत होती, उताराची, खाली मोरी असलेली. हजार वेळा गेला होता तो त्या रस्त्यानं. ‘देवा, एवढ्या बारीला वाचव,’ एवढंच तो म्हणत होता.

“हॅलो! हाव, हाव, आला आवाज! बोला माय! …चाळीस? …मागं टरक? हॉर्न मारू द्या त्याला, मारू द्या. ऐकू नका त्याचं. …वीस? …आता कडंच्या मुरमावर घ्या. हळू. आता ब्रेकवर पाय ठेवा, अलगद, अंडं धरल्यावानी… थांबली? पुरी थांबली? …आता लिव्हर पी वर. हँडब्रेक वढा. दोघंबी उतरा. …भाऊला तुमच्या बाजूनं उतरू द्या, रस्त्याच्या बाजूनं नको…”

“उतरले? …दोघंबी? …माय, दोघंबी ना?”

लखन मटकन खाली बसला, तेलानं काळ्या झालेल्या जमिनीवर. आता रडू त्याला आलं. रामकिशन शेठ बघत होते, पंक्चरवाला बघत होता, आणि तो सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत फोनवर बोलत होता.

“…हाव, हाय मी. …वाकून बघितलं भाऊनं? काय म्हणतात? …एक बोल्ट न्हाईच? …अन् दुसरा? …दोन आट्यावर?”

“दोन आटे…”

“भाऊला द्या ना फोन. …घेत न्हाईत? …दगडावर बसलेत? पाणी द्या त्यांना, माय. नका देऊ फोन. काय बोलणार ते माझ्यासंगं? मी बी बोललो नसतो.”

“काय? …न्हाई माय, तुमच्या नारळानं काय न्हाई झालं. …न्हाई, लिंबानं बी न्हाई. घाई तुमी केली, खरंय, पण बोल्ट माझे होते. ‘थांबा’ एवढं म्हणायला मला काय झालतं? …न्हाई, तुमी सवताला बोल लावू नका.”

रामकिशन शेठ उठले. भिंतीवरच्या खिळ्यावरची आपल्या गाडीची किल्ली त्यांनी काढून घेतली. गाडी सुरू केली, ती दुरुस्त न होताच, नेहमीसारखा एक झटका देऊन पुढं गेली आणि हिमायतनगरच्या वाटेला लागली. लखननं ते बघितलं आणि पाना उचलला.

“मी निघालो, माय. मोटारसायकलवर. नवे बोल्ट घेतो, जॅक घेतो. …अन् भाऊला इचारा, माझा हात नको असंल तर लोह्याहून दुसरा मिस्त्री बोलवतो. राग न्हाई यायचा मला. …इचारा.”

“…काय म्हणाले?”

“…हाव. …हाव, माय. आलोच.”

“काय? …राहुकाळ? …बाराच्या आत पाना लावायचा न्हाई? …”

तासाभरापूर्वी हे ऐकलं असतं तर लखन मनातल्या मनात हसला असता.

“न्हाई लावत, माय. बारा वाजू द्या. साडेबारा वाजू द्या. मी गाडीपाशी बसून ऱ्हातो. घाई न्हाई करायची आता. …सिंधूताईला फोन करून सांगा, उशीर होईल, पण भाऊ गाडी घेऊनच येतील. …अन् माय, एक ऐका. पिवळी बाटली आणून राहिलो मी. मी आवळीन, भाऊ पाना लावून बघतील, अन् मंग ठिपका तुमी द्यायचा. तुमच्या हातानं. दोन्ही बाजूंच्या चारी बोल्टांवर. …हाव. त्याबिगर गाडी हलणार न्हाई.”

“…ठेवतो आता. सावलीला बसा.”

फोन खिशात टाकून त्यानं मोटारसायकलला किक मारली. मग इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरला आणि जॅक, पाना, बोल्ट, बाटली सगळं घेतलंय का, ते पिशवीत हात घालून पुन्हा एकदा मोजलं.