पांढरं पावसाचं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले पर्यावरण विभागाचे प्रमुख, सत्कारमूर्ती चुंबककाका, पहिल्या रांगेत जरा अवघडून बसलेल्या काकू, पहिल्या पाळीतून सुटलेले आणि दुसऱ्या पाळीवर जायची अजिबात घाई नसलेले माझे सहकारी बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मी तपासणी विभागातली. मापात न बसणारे सुटे भाग बाजूला काढायचे, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. त्यामुळे कौतुक करायची सवय थोडी कमी. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी मला सांगितलं, "ताई, आधी कंपनीचा हरित प्रवास सांगा, मग वेळ उरला तर काकांविषयी बोला." मी आज्ञाधारक बाई आहे. त्याच क्रमानं बोलते.

तर कंपनीचा हरित प्रवास. काय वर्णावा! सभागृहात शिरताना दोन्ही बाजूंची हिरवळ आपण पाहिलीच असेल. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, ती कधी वाळत नाही, कारण ती प्लॅस्टिकची आहे. तिच्यात 'प्लॅस्टिक टाळा' अशी पाटी रोवली आहे, आणि ती पाटी भिजू नये म्हणून तिच्यावरही प्लॅस्टिक चढवलं आहे. कागद वाचवण्याविषयीचा आपला अहवाल एकशे चाळीस पानांचा, रंगीत आणि पानाच्या एकाच बाजूला छापलेला आहे. प्रत्येकाच्या खुर्चीवर एक प्रत ठेवली होती. काही जण तिच्यावरच बसलेत असं दिसतंय. असू द्या, वापर झाला म्हणायचा. आणि मागच्या महिन्यात मिळालेला तो पर्यावरण पुरस्कार! थर्मोकोलच्या तीन थरांत गुंडाळून आला बिचारा. वाजवा टाळ्या. संचालक साहेब, या टाळ्या आपल्याच आहेत, संकोच नको.

झाला हरित प्रवास. आता उरलेल्या वेळात काका.

नव्या मंडळींसाठी सांगते. काकांचं हजेरीपटावरचं नाव पगार विभागाखेरीज कुणाला आठवत नाही. खिशात दोरी बांधलेलं चुंबक, म्हणून चुंबककाका. आपल्याकडे लेथवर पितळ कापतात, पोलाद कापतात, आणि त्यातून जो कीस निघतो तो जातो मागच्या भंगार यार्डात. पितळाच्या किसात मूठभर लोखंड गेलं की भट्टीतला अख्खा घाणा बिघडतो. म्हणून एकतीस वर्षं हा माणूस त्या ढिगांवरून चुंबक फिरवत राहिला. मोठ्या यंत्राचं चुंबक आलं तरी शेवटचा हात यांचाच. बुटाच्या तळव्यात रुतलेले तुकडेही ते घराच्या दारात बसून काढायचे. काकू मला एकदा म्हणाल्या, "लोखंड यांच्या चुंबकाला येतं, पितळ माझ्या पायाला येतं." हसू नका काकू, तुम्हीच म्हणाला होतात.

ओल्या चादरी पिळताना काकूंना पाहूनच काकांच्या डोक्यात ती कल्पना आली. धातू कापताना तापू नये म्हणून आपण यंत्रावर दुधासारखं पांढरं तेलपाणी सोडतो. ते किसाबरोबर यार्डात जातं, तिथून निथळून मागच्या टाकीत. काका म्हणाले, "चादर पिळता येते, तर कीस का पिळता येऊ नये?" एका लाँड्रीतून भंगारात आलेला कपडे पिळायचा ड्रम त्यांनी उचलला, त्याला जुनी मोटर जोडली, आत जाळी बसवली. कीस टाकायचा, ड्रम गरगर फिरवायचा. कीस कोरडा होऊन भट्टीला, आणि तेलपाणी गाळून परत यंत्राला. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. त्याचा कुणी अहवाल लिहिला नाही, त्यामुळे ते पर्यावरणासाठी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग आपल्याला पर्यावरण विभाग मिळाला. आणि त्याबरोबर प्रमुख साहेब मिळाले, ज्यांना आम्ही प्रेमानं हिरवे साहेब म्हणतो. ते त्यांचं आडनाव नाही, ही आमची श्रद्धा आहे. साहेबांनी आल्या आल्या यार्डाला भेट दिली, ड्रमकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

काका म्हणाले, "पिळणी."

"कुठल्या कंपनीची?"

"आपल्याच कंपनीची, साहेब."

साहेबांना विनोद आवडला नाही. ड्रमवर 'अनधिकृत यंत्र' अशी चिठ्ठी लागली, मोटरची वायर काढून नेली. त्याच्या जागी परदेशातून यंत्र आलं. दारातून आत जाईना, म्हणून भिंत फोडली. शाश्वत विकासासाठी भिंतीनं एवढं करायलाच हवं! ते यंत्र अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी आपल्या लेथचा लांबलचक, वेटोळ्या वेटोळ्यांचा कीस त्याच्या घशात अडकला, आणि ते जे बसलं ते बसलंच. त्याला लागतो आखूड कीस. काकांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तोंडी सांगितलं होतं ना, सादरीकरण कुठे केलं होतं?

आता ऐका. कीस ओला तसाच साचू लागला. टाकी भरत आली. आणि एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली काकांकडून 'तपासणीसाठी' मागून नेली गेली. सुट्टी संपल्यावर परत आली. तेवढ्या वेळात टाकी अर्धी रिकामी झाली. विज्ञानाला अशी कोडी पडतात कधी कधी.

तिसऱ्या दिवशी फाटकावर एक माणूस आला. कारखान्याच्या मागून नाला वाहतो, त्याच्या खालच्या अंगाला याची रोपवाटिका आहे. त्याच्या हातात बाटली होती आणि बाटलीत पांढरं पाणी. सुरक्षारक्षकाला म्हणाला, "तीन हजार रोपं करपली. हे कुठून आलं तेवढं सांगा." त्याला तासभर फाटकाबाहेर उभं ठेवून मग उत्तर मिळालं की चौकशी करून लेखी कळवू.

लेखी उत्तर तयार झालं, कार्यक्षमतेत आपण कमी नाही. त्यात लिहिलं होतं की टाकीचा व्हॉल्व्ह उघडलेला नाही आणि नाल्यात आलेलं पाणी पावसाचं आहे. त्या आठवड्यात आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. पण पाऊस काय, मनात आणलं तर कागदावरही पडतो. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक यार्डाची आणि एक तपासणी विभागाची. हिरवे साहेब कागद घेऊन यार्डात गेले. मी तिथेच होते, टाकीतल्या तेलपाण्याचे रोजचे नमुने घेत होते. काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

"साहेब, मला सही येते. पण पांढरं पावसाचं पाणी मी अजून पाहिलेलं नाही."

"काका, नोकरीची किती वर्षं राहिली?"

"तीन."

"मग उगाच कशाला?"

"म्हणूनच, साहेब. तीन वर्षांसाठी आता हात कशाला बरबटू?"

दुसऱ्या दिवशी काकांची बदली झाली. यार्डातून थेट जुन्या फायलींच्या खोलीत. ज्या माणसाला अठ्ठावीस वर्षांत कधी खुर्ची मिळाली नव्हती, त्याला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, धूळ मिळाली. याला आपल्याकडे कर्मचारी कल्याण म्हणतात. यार्डाची सही हिरव्या साहेबांनी स्वतः केली. तपासणी विभागाची सहीही मिळाली. लगेच मिळाली.

काका सात महिने त्या खोलीत होते. मग एका मोठ्या परदेशी ग्राहकानं कळवलं की मागणी नोंदवण्याआधी त्यांना आपली पुनर्वापराची व्यवस्था डोळ्यांनी पाहायची आहे. नवं यंत्र बसलेलं, जुना ड्रम कुलपात. तेव्हा संचालक साहेब स्वतः जिना उतरून फायलींच्या खोलीत गेले. साहेब, तुम्हाला तिथली वाट माहीत नव्हती. मीच दाखवली, आठवतंय?

तुम्ही म्हणालात, "काका, तुमचा तो ड्रम चालू होईल का?"

काका म्हणाले, "होईल की. आधी टाकी उपसा, टँकर बोलवा, पाणी शुद्धीकरणाला जाऊ द्या. आणि नाल्याकडचा पाइप कापून बंद करा."

"ते नंतर बघू. आधी पाहुणे येऊन जाऊ देत."

"मग ड्रमही नंतर बघू, साहेब. मला या कपाटातल्या फायली लावायच्यात."

आणि ते खरंच फायली लावायला लागले! पाठ फिरवून! संचालक साहेब दारात उभे आणि काका अक्षरवार लावताहेत. साहेब, तुमच्या मनाचा मोठेपणा की तुम्ही दहा मिनिटांत टँकर मागवलात. पाइप काकांनी स्वतः उभं राहून कापून घेतला आणि त्याच्या तोंडावर पोलादी चकती डाग देऊन बसवली. मगच ड्रमला वायर लागली आणि काका यार्डात परतले. ग्राहक आले, खूश होऊन गेले. आज पुरस्काराच्या अहवालात, पान सत्तेचाळीसवर, त्या ड्रमला 'संचालकांच्या दूरदृष्टीतून साकारलेली अभिनव प्रणाली' म्हटलं आहे. फोटोत साहेबांचा हात ड्रमवर आहे. डाव्या कडेला एक कोपर दिसतं. नीट बघा, ते काकांचं आहे.

पाच मिनिटं केव्हाच संपली, मॅडम, मला दिसतंय. पण आणखी थोडं बोलू द्या. आतापर्यंत दुसऱ्यांचं बोलले.

तपासणी विभागाची ती सही माझी आहे.

हो. माझ्या मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, घरात आम्ही दोघीच, कमावणारी मी एकटी, अशी कारणं माझ्याकडे होती आणि अजूनही आहेत. फाटकावर उभा असलेला तो माणूस मी खिडकीतून पाहिला होता. बाटलीही पाहिली होती. ते पाणी कशाचं आहे हे या कारखान्यात माझ्याइतकं कुणाला कळतं? रोज मीच तर ते तपासते. आणि त्याच हातानं मी पावसाला साक्षी राहिले.

त्या सात महिन्यांत काका आणि मी रोज एका टेबलावर डबा खायचो. मी एक शब्द बोलले नाही. गेल्या सोमवारी, त्यांचा शेवटचा आठवडा म्हणून, धीर करून सांगितलं. काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, "माहीत आहे, ताई. ती फाइल माझ्याच खोलीत आली होती. मीच कपाटात ठेवली."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "तुम्ही वाचून सही केली की न वाचता, हे मला कळेना. न वाचता केली असेल तर सांगून दुखवायचं कशाला? आणि वाचून केली असेल, तर मी सांगणारा कोण?"

मी वाचून केली होती, काका.

परवा सुट्टीच्या दिवशी मी त्या रोपवाटिकेत गेले. तो माणूस पिशव्यांत माती भरत होता. मी कोण, काय केलं, ते सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. त्यानं हात पुसले, खिशातून आपल्या कारखान्याचं ते लेखी उत्तर काढलं. घडीवर फाटलं होतं, चिकटपट्टी लावलेली. म्हणाला, "हे घेऊन मी तीन कार्यालयं फिरलो. सगळे म्हणाले, पावसाचं पाणी आहे, तपासणीची सही आहे." मग मला विचारलं, "आता पाणी कशाचं होतं म्हणून लिहाल?"

म्हटलं, "जे होतं तेच."

तर मंडळी, आज सकाळी मी ती सही मागे घेतली. ते पाणी आपल्या टाकीतलं होतं, व्हॉल्व्ह उघडला होता आणि मी जाणूनबुजून खोटी सही केली, असं पत्र लिहून प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात दिलं. पोच घेतली. एक प्रत त्या रोपवाल्याला दिली आणि एक संचालक साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. साहेब, आपण पुष्पगुच्छांच्या गडबडीत असाल, म्हणून वर पेपरवेट ठेवलाय. उद्यापासून मी नोकरीवर असेन की नाही ते आपण ठरवाल. फायलींच्या खोलीत जागा रिकामीच आहे, एवढं फक्त सुचवते.

हिरवे साहेब, निघालात? दार उजवीकडे आहे. हिरवळीवरून गेलात तरी चालेल, तिला काही होत नाही.

काका, उठू नका. माझं झालंच. तुम्हाला मानपत्र द्यायचंय, ते मनुष्यबळ विभागानं लिहिलंय, त्यात तुमच्या 'निष्ठे'बद्दल बरंच आहे. निष्ठा कुणाशी, ते लिहायचं राहिलंय. तुम्ही घरी गेल्यावर काकूंकडून भरून घ्या.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. माइक बंद करायला धावलेल्या आणि मग बटणच न सापडलेल्या आमच्या इलेक्ट्रिशियन भाऊंचे विशेष आभार. एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाला शब्द लागला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या सहीबद्दल मात्र इथे कुणाकडे माफी मागत नाही. ती ज्याची मागायची त्याची मागून आले आहे, आणि तो अजून हो म्हणालेला नाही.

नमस्कार.