दाराखालची उशी

नाही हो सुजीत, सृष्टी इकडे कशाला येईल — बसा ना, उभे काय — शैलेंद्र ड्यूटीवर आहेत, ऑइल टर्मिनलवरून संध्याकाळीच सुटतील, मी आपली एकटीच, हे शिवत बसलेय. हे होय? दाराखालची उशी. हसू नका. तुम्ही दोघं अबुधाबीहून आत्ता कुठे इकडे राहायला आलात, तुम्हाला वाटणार गल्फमध्ये कसली थंडी — इथे फुजैरात एखादा जानेवारी काढा, मग सांगा. डोंगराकडून वारा सुटला की दाराखालून नुसता घुसतो, लादीवर पाय ठेववत नाही. मग काय करायचं? जुन्या जीन्सचा पाय कापायचा, चिंध्या ठासून भरायच्या, दोन्ही तोंडं शिवायची, खलास. मंडळातल्या सगळ्याजणींना करून दिल्यात मी.

चहा तरी घ्या. नको? बरं. काल संध्याकाळी निघाली म्हणालात ना — भांडण झालं असेल, होतंच की नवरा-बायकोत. म्हणजे शब्दाला शब्द लागतो हो, हात नाही उठत. तुमच्याबद्दल नाही बोलत मी. हळदीकुंकवाला तिचं मनगट बघितलं, काळंनिळं, तर म्हणाली बाथरूममध्ये पडले. पडली असेल. पासपोर्ट तुमच्याच कपाटात, मग जाऊन जाऊन जाणार कुठे — शारजात, रोल्लाला कुणा मैत्रिणीकडे गेली असेल. बिचारीनं कालपासून दोन घास खाल्ले नाहीत — नसतील, असं म्हणतेय मी. मला कसं माहीत असणार?

त्या दाराकडे काय बघताय? आमच्या अंशची खोली ती. तो पुण्याला शिकायला गेल्यापासून बंदच असते, कुणी पाऊल टाकत नाही आत. हो, खालून दिसतेय ना, फुलाफुलांची, ती पण उशीच, माझीच जुनी मॅक्सी. इकडून का नाही लावली? अहो, वारा येतो खोलीतून — तिथली खिडकी धड लागत नाही, वॉचमनला सांगून थकले, रोज इन्शाल्ला म्हणतो. इकडून लावली तर वारा तिला ढकलत ढकलत हॉलमध्ये आणतो. आतून लावली की तोच वारा दाराला दाबून धरतो. सोपं असतं, काही नाही त्यात — आधी दार ओढून घ्यायचं, मग आत उभं राहून पायानं —

पायानं सारायची.

कुठे निघालात? नाही, इथून नाही. वहिनी म्हणता ना मला, मग ऐका, मी या दारापुढून हलणार नाही. भीती वाटतेय मला तुमची, पण हलणार नाही. बाहेरचं दार तिकडे आहे, सुजीत.

सृष्टी, आतून कडी लाव गं.