वाक्य दिलं नाही ते मुद्दाम

हॅलो?… हो, प्रॉम्प्टरच बोलतोय. कोण, वहिनी? अहो, कालच्या प्रयोगात खरं काय घडलं ते सांगितलं ना, तर कुणाचा विश्वास बसणार नाही!… काय? गुंड्या अजून अंथरुणातच?… नाटकच सोडतोय?… डोकं गेलं म्हणतो स्वतःचं? काहीतरीच काय!

अहो, ऐका ना. अडला, हे खरं. कोर्टातला प्रवेश, नायकानं आपली चूक कबूल करायची, आणि ह्याला वाक्यच आठवेना. हो, हो… कोटाचं बटण चाचपलं, तीच आमची खूण. त्यानं बटण धरलं की मी विंगेतून वाक्य टाकायचं, तीस वर्षांचा शिरस्ता… दिसलं तर! न दिसायला काय झालं?… मग दिलं का नाही? अहो, मुद्दाम!

हसू नका. जुन्या नाटकात राजा पडायचा, धाडकन. सगळी प्रजा रडायची. आजचा नायक कोण? वखारीतला कारकून. तो पडला तर आवाज तरी होतो का? म्हणून त्याला गप्प ठेवायचा. चूक त्याचीच, कळलीय त्याला, पण कबूल करायला जीभ उचलत नाही… ही खरी शोकांतिका! बटण तुटून गडगडत गेलं, तेव्हा पुढच्या रांगेनं रुमाल काढले की नाही?

…नाही, त्याला आधी नव्हतं सांगितलं… हो, चार मिनिटं… घामाघूम झाला होता, पाहिलं मी. म्हणजे नंतर पाहिलं… नंतर म्हणजे… वहिनी, उलटतपासणी घेताय का माझी?

डॉक्टरकडे? कशाला?… आईचं झालं तसं आपलं होणार, असं म्हणतो?… मुलांची नावं पुन्हा पुन्हा म्हणून बघतोय?…

…अं? आहे, आहे फोनवर. तेच सांगतोय, कलेसाठी, चांगले डोळे उघडे ठेवून मी…

घोरणं? कसलं घोरणं?… तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात?… छे, तो समुद्राचा आवाज, पार्श्वसंगीत… कोर्टात समुद्र कुठला… हो, तेही बरोबर.

थांबा. हे कोण ओरडलं?… स्पीकरवर आहे फोन?… 'खोटारड्या' म्हणाला?

…हो रे गुंड्या. तू रोजच्यासारखाच अडलास. मी झोपलो होतो.