जवायाच्या वाटची बिडी

जठारपेठेतल्या दवाखान्यात मंगळवारी बिडी सोडवत. शेषराव पहिल्यांदाच आले होते, आणि शेजारच्या बाकावर नत्थुजी आणि देवमनचं काय चाललंय, ते कान देऊन ऐकत होते.

"नत्थुजी, सुटली काय बिडी?"

"बिडी सुटली गा देवमन, बायको अटकली."

"काहून?"

"डॉक्टर म्हने, तलफ आली का चालाले लागा. म्या लागलो. तलफ उतरली थेट मूर्तिजापुरात."

"सासुरवाडीले?"

"हौ ना! दोन महिने झाले, गोदी तिथंच रुसून बसली. म्हने, बिडी सोडली तरच येईन."

"मंग आनाची ना घरी!"

"कशी आनू? सासऱ्यानं जवायाचा मान म्हनून बिडी पुढं केली. म्या नाही म्हनलं. बुढा असा भडकला! म्हने, माह्या हातची बिडी ओढा, मंगच पोरगी धाडतो."

"म्हंजे ओढली त बायको येत नाही, नाही ओढली त सासरा धाडत नाही."

"म्हनून बुढ्यालेच इथं घेऊन आलो. डॉक्टर समजावून राहिले आत. अर्धा घंटा झाला."

"समजंल काय?"

तेवढ्यात दार उघडलं. आधी धूर बाहेर आला, मग डोळे पुसत, खोकत डॉक्टर, आणि त्यांच्यामागून ताठ मानेनं म्हातारा.

"पाहा जवाईबापू, एवढा शिकेल मानूस, पन तुमच्या वाटची मुकाट्यानं ओढली बिचाऱ्यानं! जा, घेऊन जा पोरगीले."